ओठांवरचं बोलणं

"खुर्ची फिरवा आणि भिंतीकडे तोंड करून बसा," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "मी खांद्यावर हात ठेवेपर्यंत वळायचं नाही."

तपासायला आणलं होतं ह्यांना आणि शिक्षा झाली मला. शाळेतसुद्धा कोणी मला असं बसवलं नव्हतं. पण डॉक्टरांपुढे आपलं काय चालणार? मी निमूटपणे खुर्ची फिरवली. भिंतीवर माणसाच्या मेंदूचं मोठं चित्र होतं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं, आणि त्यातून निघणाऱ्या लाल-निळ्या रेघा. मी त्या रेघा बघत बसले. मागून बाईंचा आवाज आला, "हां काका, बोला. घरी बोलता तसं, काहीही."

पुढे काहीच नाही. पंख्याची घरघर तेवढी. मला ह्यांचा रागच यायला लागला. घरी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो, आणि इथे बाई एवढं विचारतायत तर हे मूग गिळून बसलेत.

खांद्यावर हात पडला. मी वळले.

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

"अजून बोललेत कुठे?"

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, तीनदा विचारलं. किल्ली शेजारी दिलीस की कुलपालाच राहिली?"

"हे बघा, आता बोलले," मी म्हणाले. "किल्लीचं विचारतायत."

"हे तुम्हाला ऐकू आलं?"

"न यायला काय झालं?"

बाईंनी टेबलावरची फाइल उचलली आणि ह्यांच्या तोंडासमोर आडवी धरली. नाकाच्या वरचं तेवढं दिसत होतं. "काका, परत विचारा." ह्यांचे डोळे माझ्यावर होते. मी वाट बघत राहिले. थोड्या वेळाने बाईंनी फाइल खाली केली.

"फाइलच्या मागून ते दोनदा बोलले," त्या म्हणाल्या. "काकू, तुम्हाला त्यांचं ऐकू येत नाहीये. तुम्ही ओठ वाचताय. हे कुठे शिकलात?"

शिकायला आम्ही कुठे गेलो होतो?

आम्ही दोघंही कापडाच्या कारखान्यात होतो. एका छताखाली चारशे माग. प्रत्येक मागावर आडवा धागा घेऊन लाकडी धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटायचा, मिनिटाला दीडशे वेळा. आत पाऊल टाकलं की स्वतःचा खोकलासुद्धा स्वतःला ऐकू यायचा नाही. मग माणसं बोलणार कशी? ओठांनी. तोंड मोठं उघडून, आवाज न काढता, जोडीला थोडे हातवारे. नवीन आलेली मुलगी दोन महिन्यांत शिकायची, नाही शिकली तर नोकरी सोडायची. मी एकोणिसाव्या वर्षी लागले. हे दोन रांगा सोडून पलीकडच्या मागांवर होते. मला उद्देशून त्यांच्या ओठांवर आलेलं पहिलं वाक्य होतं, "तिसऱ्या मागावर धागा तुटलाय, झोपलीस का?" असा सगळा प्रेमळ कारभार.

त्या खात्यात गुपित असं काही राहायचंच नाही. या टोकाला कोणी काही बोललं की त्या टोकाच्या बाईला कळायचं. म्हणून हे मला काही खासगी सांगायचं असलं की मुकादमाच्या बाजूने तोंडाला तळहाताचा आडोसा धरायचे. लग्नाचं विचारलं तेही तसंच, आडोशाने. उत्तर देताना मी मात्र आडोसा धरायला विसरले, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी चारशे मागांवर फिरून आली. मुकादमसुद्धा हसला, जो माणूस पगाराच्या दिवशीही हसत नसे.

बाहेरच्या जगात आम्ही कारखान्यातले लोक सगळेच मोठ्याने बोलायचो. कान गेलेले असतात, पण ते मान्य कोण करतो? ह्यांना तर गल्लीत सगळे भोंगाच म्हणायचे. पण आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला आवाज लागायचाच नाही. मुलगी पाळण्यात झोपलेली असली की तिच्या डोक्यावरून आमची अख्खी भांडणं व्हायची आणि तिची झोप मोडायची नाही. हे बसमध्ये खिडकीशी बसलेले आणि मी खाली उभी, तरी बाजारातून काय आणायचं ते ठरायचं. कुणाच्या घरी समारंभाला गेलो की आम्ही मुद्दाम समोरासमोरच्या रांगेत बसायचो आणि दोघांच्या मधल्या माणसांबद्दल त्यांच्या देखत वाटेल ते बोलायचो. मुलगी मोठी झाल्यावर चिडायची. म्हणायची, "तुमच्या दोघांचं काय चालतं ते मला कधीच कळत नाही. मी काय परकी आहे?" आम्ही हसायचो. तिला शिकवायला हवं होतं, ते राहून गेलं.

तर हे असं होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांचा आवाज निदान दोन वर्षं कमी होत चाललाय. तुम्ही ओठ वाचत होतात, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. आणि ह्या आजारात माणसाला स्वतःला वाटतं की आपण नेहमीसारखंच बोलतोय. त्यांच्या मते ते आताही मोठ्याने बोलतायत."

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, पार्किन्सन. ह्यांना चालायला लावलं. डावा हात अंगाला चिकटलेला, हलतच नव्हता. चिमटी धरून सोडावी तशी बोटं उघड-मीट करायला लावली, तर दहाव्यांदा बोटं जागच्या जागी अडकली. ह्यांचा डावा अंगठा पहिल्या बोटावर सारखा फिरायचा. मला वाटायचं, जुनी सवय आहे. तुटलेला धागा आम्ही असाच चिमटीत धरून जोडायचो, दिवसाला शंभर वेळा. मी थट्टा करायचे, "पुरे आता, निवृत्त झालात, किती धागे जोडाल?" बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत.

घरी येताना मला वाट दिसत नव्हती. दुसऱ्या कोणाचीही बायको असती तर पहिल्या महिन्यातच म्हणाली असती, अहो, जरा मोठ्याने बोला की. गल्लीतले लोक म्हणायचे, "भोंगा हल्ली शांत झाला बरं का," तेव्हा मी खूश व्हायचे. वय झालं, गुण आला म्हणायचे. आणि मुलीचं काय? ती दूरच्या शहरात नोकरीला. दर रविवारी फोन करायची. तक्रार करायची, "आई, बाबा फोन धरून नुसते श्वास घेतात." आणि फोन ठेवला की हे म्हणायचे, "ही हल्ली माझं ऐकूनच घेत नाही. मी बोलत असतो आणि ही मधेच हॅलो हॅलो करते." शेवटी चिडून त्यांनी तिच्याशी फोनवर बोलणंच टाकलं. आठ महिने बाप-लेकीत अबोला. आणि मी काय केलं? फोन बिघडलाय म्हणून नवा फोन आणला.

गोळ्या सुरू झाल्या आणि तीन आठवड्यांनी एका सकाळी स्वयंपाकघरात मला ह्यांची हाक ऐकू आली. ऐकू आली! मी पाठमोरी होते. हातातलं भांडं तसंच ठेवून बाहेर आले तर हे विचारतात, "एवढी काय घाबरलीस?" त्या दिवशी त्यांनी मुलीला फोन लावला. ती तिकडे रडायला लागली आणि हे इकडे तिला ओरडले, "रडतेस काय, बोल!" मला वाटलं, सुटलो.

तीन वर्षं बरी गेली. खोटं कशाला बोलू, चांगली गेली. नुसत्या गोळीच्या वेळा सांभाळायच्या. जेवणाआधी अर्धा तास, घड्याळ लावून.

दर तीन महिन्यांनी मंगळवारी दवाखान्यात जायचं. बाहेरच्या बाकावर तीच तीच माणसं. एक निवृत्त बस ड्रायव्हर आणि त्यांची बायको. एक मास्तरीणबाई, त्यांना त्यांची बहीण घेऊन यायची. ड्रायव्हर चांगले चालायचे, पण दाराच्या चौकटीत आले की पाय जमिनीला चिकटायचे. मग बायको स्वतःचं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवायची, ते ओलांडायचं म्हटलं की त्यांचा पाय सुटायचा. सगळा बाक बघतोय म्हटल्यावर ते म्हणायचे, "सिग्नल लाल आहे, थांबावं लागतं." सगळे हसायचे. मास्तरीणबाईंना गोळीचा अंमल जास्त व्हायचा. त्या बसल्या जागी डोलायच्या, मान, खांदे, हात सगळं वळवळायचं. म्हणायच्या, "वर्गात पोरांना स्वस्थ बसा म्हणून पस्तीस वर्षं छड्या मारल्या, त्याचं हे."

त्या बाकावर बसायचा मला धाक वाटायला लागला. कारण तिथे पुढचं सगळं दिसायचं. गेल्या खेपेला काठी घेऊन आलेला माणूस ह्या खेपेला चाकाच्या खुर्चीत. त्यापुढच्या खेपेला त्याचा नंबर पुकारला जायचा आणि कोणीच उठायचं नाही. मी ह्यांना बोलण्यात गुंतवायचे, म्हणजे त्यांनी बघू नये. पण ते बघायचे. एकदा मास्तरीणबाईंच्या तोंडाला बहीण रुमाल लावत होती, तेव्हा हे आडोसा धरून मला म्हणाले, "माझं असं झालं तर तू असं चारचौघांत पुसू नकोस." मी म्हटलं, "गप्प बसा."

चौथ्या वर्षी गोळी चार तास पुरायची ती अडीच तासांवर आली. मग दीड. मग गोळी घेतल्यावर अंगात यायलाच तास लागायचा आणि जेमतेम पाऊण तास माणूस जागेवर. त्या पाऊण तासात अंघोळ, दाढी, चार पावलं चालणं, सगळं उरकायचं. आवाज तर गेलाच. गोळीचा आता आवाजाला उपयोग नाही, असं बाईंनी सांगून टाकलं. मला त्याचं फार वाटलं नाही. मनात म्हटलं, आवाज जाऊ दे. आपल्याला कुठे लागतो?

मग चेहरा जायला लागला.

आधी हसू गेलं. हसताना ह्यांच्या तोंडाची उजवी कड आधी वर जायची, ती जाईना. पापण्या मिटेनाशा झाल्या, तासन् तास एकटक. आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा रागावलाय. मी सांगायचे, नाही हो, आनंद झालाय त्यांना. मग ओठ. बोलताना पूर्वी ओठ मिटायचे, उघडायचे, पुढे यायचे, त्यावरून तर सगळं कळतं. आता ते नुसते थरथरायचे. मिटेनात, गोल होईनात. आधी नवीन काही सांगितलं तर कळेना, रोजचं कळायचं. मग रोजचंही अर्धंमुर्धं. मी अगदी जवळ जायचे, उजेडात बसवायचे, चष्मा बदलून आणला. एकदा कान त्यांच्या तोंडाशी नेऊन पाहिला. चाळीस वर्षं मागांत घालवलेला कान तो, त्याला काय कळणार? नुसती ऊब लागली. त्यांना वाटलं, मी मायेने डोकं टेकवलंय. थरथरता हात त्यांनी माझ्या केसांवर ठेवला.

एक दिवस मी तीनदा म्हटलं, "काय? परत सांगा. काय?" त्यांनी तीनदा सांगितलं. मग डोळे मिटून घेतले आणि रात्रीपर्यंत उघडले नाहीत.

पुढच्या मंगळवारी ड्रायव्हरांची बायको एकटीच आली होती. डॉक्टरीणबाईंना सांगायला, की ते गेले. बाकावर माझ्याशेजारी टेकली. "बोलायचे हो," ती म्हणाली. "शेवटपर्यंत बोलायला बघायचे. मीच मेली सारखी काय म्हणालात, काय म्हणालात करायची. एक दिवस त्यांना उमगलं की ह्या घरात आपलं कोणालाच कळत नाही. त्या दिवशी जे तोंड मिटलं ते मिटलंच. बोलणं गेलं, मग जेवण गेलं. सहा आठवडे. दुखण्याने नाही गेले, मी सांगते तुम्हाला, गप्प बसून गेले."

मी तिचा हात धरला, पण माझं चित्त तिच्याकडे नव्हतं. ह्यांना त्या दिवशी आणलं नव्हतं, मुलगी आली होती ती घरी बसली होती. मी जिथल्या तिथे ठरवलं. ह्यांना कळता कामा नये. मला त्यांचं बोलणं वाचता येत नाही हे त्यांना कधीही कळता कामा नये.

त्या दिवसापासून मी "काय" हा शब्द टाकला. वर्षभर मी ताकास तूर लागू दिली नाही. दिवसाची वेळ, डोळे कुठे वळलेत, हात कुठे आहे, यावरून अंदाज बांधायचा. दहाच्या सुमाराला ओठ हलले म्हणजे खिडकी. दुपारी हलले म्हणजे उशी. बाकीच्या वेळी "हो ना", "असं होय", "मलाही तेच वाटतं", "बघते मी". ते बोलत राहायचे. कधी कधी अर्धा अर्धा तास. लहानपणीचं काही असेल, कारखान्यातलं असेल, मरणाची भीती असेल. मी समोर बसून मान हलवायचे आणि आतून तुटायचे. माझा माणूस माझ्याशी बोलतोय आणि मला एक अक्षर कळत नाही. पण त्यांचे डोळे निवांत असायचे, आणि मला तेवढं पुरायचं. मुलगीसुद्धा फोनवर म्हणायची, "आई, तू आहेस म्हणून बरं. तुला तरी त्यांचं कळतं." तिलाही मी सांगितलं नाही.

मग ती दुपार आली. सकाळपासून तीनदा चादर बदलली होती. बदलताना माझ्या कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. गोळी उतरलेली होती, हे लाकडासारखे पडलेले. मी कोमट पाण्याने त्यांचं अंग पुसायला घेतलं. ओठ हलले. थोडंसंच. मला वाटलं, पाणी बरं वाटतंय म्हणत असतील. मी हसून म्हटलं, "हो हो, खरंच." आणि पाठ पुसायला त्यांना कुशीवर केलं.

संध्याकाळी ते जेवले नाहीत. चमचा ओठांपर्यंत नेला तर दात घट्ट. दुसऱ्या दिवशी तेच. पाणी तेवढं ओठांवरून ओघळून थोडंफार आत जायचं. बोलायचाही प्रयत्न करीनात. गिळणं बंद होईल, मग नाकातून नळी घालावी लागेल, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, आलं ते. मुलीला फोन केला.

ती तिसऱ्या दिवशी सकाळी पोचली. गोळी पाण्यात विरघळवून कशीबशी गेली होती आणि तिचा पाऊण तास चालू होता. मुलीने बॅग दारात टाकली, पलंगावर चढून ह्यांच्याजवळ बसली आणि वाकून त्यांच्या तोंडाला कान लावला. तिला ओठ कधीच कळले नाहीत, पण तिचे कान शाबूत. एवढ्या वर्षांत तिने ही युक्ती काढली होती. "बाबा, का जेवत नाही? मला सांगा," ती म्हणाली, आणि तशीच वाकून राहिली. मी पलंगाच्या पायथ्याशी वाटी घेऊन उभी होते.

मग तिने मान वर केली. तिचा चेहरा मला ओळखू येईना.

"आई, तू बाबांना काय म्हणालीस?"

"मी? काय म्हणणार मी?"

"ते म्हणतात, परवा अंग पुसताना त्यांनी तुला विचारलं, मला कंटाळलीस का गं? तू म्हणालीस, हो हो, खरंच." तिचा आवाज चिरकला. "हसलीस पण म्हणे. आई, असं कोणी बोलतं का आजारी माणसाला?"

वाटी माझ्या हातात होती म्हणून बरं, नाहीतर मी ते हात कुठे ठेवले असते कोण जाणे. तोंडापर्यंत आलं होतं, अगं, मला कळलंच नव्हतं ते काय म्हणतायत. वर्षभर मला काहीच कळत नाहीये. एवढं बोलले असते की सुटले असते. मुलीने मला जवळ घेतलं असतं.

पण हे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा चेहरा गेला, आवाज गेला, डोळे गेले नव्हते. मी मुलीला जे सांगेन ते त्यांना वाचता येणार होतं. पाठ फिरवून सांगितलं असतं तर पाठ का फिरवली ते कळायला त्यांना वेळ लागला नसता. आणि मग ते मागे जाऊन मोजत बसले असते. ही मान हलवत होती तेव्हा हिला कळलं नव्हतं. आईचं सांगितलं तेव्हा नाही. भीती वाटते म्हणालो तेव्हाही नाही. वर्षभर आपण कोणाशीच बोलत नव्हतो. ड्रायव्हरांच्या बायकोचे ते सहा आठवडे माझ्यापुढे उभे राहिले.

म्हणजे दोनच गोष्टी होत्या. एक तर माझ्या नवऱ्याने समजायचं की बायको आपल्याला कंटाळली. नाहीतर समजायचं की आपलं बोलणं वर्षभर बायकोला पोचलेलंच नाही. तिसरं काही मला सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

मी स्टूल ओढलं आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येईन असं बसले. आवाज काढला नाही. तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून, मागांवर बोलायचो तशी बोलले.

"हो. परवा कंटाळले होते. कमरेने जीव घेतला होता. मीही माणूसच आहे की नाही? तुम्ही विचारलंत, मी खरं ते सांगितलं. आज नाही कंटाळले."

त्यातलं सगळंच खोटं होतं असंही नाही. तेच मला जास्त लागलं.

त्यांचा चेहरा हलला नाही. हलणार नव्हताच. चव्वेचाळीस वर्षं हा माणूस रागावला, निवळला, दुखावला, सगळं मला तोंडाच्या कडेवरून कळत आलं होतं, आणि आज ज्या दिवशी मला कळायलाच हवं होतं त्या दिवशी समोर कोरी भिंत. क्षमा केली की नाही, मला कोण सांगणार? मी बघत बसले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते हल्ली सदाचंच होतं, पापण्या मिटत नाहीत म्हणून.

"काय सांगितलंस त्यांना?" मुलगी विचारत होती. मी तिला हाताने थांब म्हटलं.

चमच्यात थोडंसं पातळ अन्न घेतलं आणि त्यांच्या ओठांशी नेलं. टेकवलं. तसंच धरून ठेवलं. मग ओठ उघडले, जेमतेम चमच्याच्या रुंदीएवढे. घास आत गेला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. दुसरा. तिसऱ्याला ठसका लागला, मी पाठीवरून हात फिरवला, थांबले, मग तोही गेला. मुलगी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

चौथ्या घासाला चमचा नेला तर ओठ आधीच हलत होते. घासासाठी नव्हते हलत. थरथर, मग जरा थांबणं, पुन्हा थरथर. बरंच काही सांगायचं होतं त्यांना. मुलीच्या लक्षात आलं, ती लगबगीने पलंगावर चढली आणि कान लावायला वाकली.

मी चमचा खाली ठेवला, तिच्या खांद्याला धरून तिला मागे सारलं आणि त्यांच्या ओठांकडे बघत बसले. ते माझ्याशी बोलत होते.